तीन महिने एकोणीस दिवसांचा कोरियन

परदेशी राहिल्याने माणसाची दृष्टी विशाल होते, असं आजवरच्या सगळ्या थोरांनी सांगून ठेवलं आहे. हेमंत सबनीसची झाली होती. इतकी विशाल, की तिला जवळचं काही दिसत नसे.

तो कोरियात राहून आला होता. मी हे सरळ लिहिलं. तो इतकं सरळ कधी सांगत नसे. तो आधी थांबे, खिडकीबाहेर पाही, आणि म्हणे, "मी कोरियात असताना…" त्या 'असताना'मध्ये एखादं युग सहज मावलं असतं. सिडनीत शिकत असताना एका सत्रापुरता एक्स्चेंज स्टुडंट म्हणून तो सोलजवळच्या एका गावी गेला होता. ऑगस्टच्या शेवटी गेला, डिसेंबरात परत आला. त्याच्याच बोलण्यातल्या तारखा मी एकदा जोडून पाहिल्या. तीन महिने एकोणीस दिवस. एवढ्यात आमच्याकडे लोणचंही धड मुरत नाही. हेमंत पूर्ण मुरून आला होता.

मी त्याच्यासोबत हॅरिस पार्कच्या एका जुन्या विटांच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहत होतो. तिसरा दत्ता, लातूरकडचा. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात आचारी. मी एका सरकारी खात्यात, म्हणजे महामारीच्या त्या दोन वर्षांत स्वयंपाकघरातल्या टेबलावर. हेमंत एका बँकेच्या आयटीत, म्हणजे त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

आणि आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, चॉय आजी. हेमंतची गोष्ट त्यांच्याशिवाय सांगता येणार नाही. आजी तीस वर्षं पॅरामॅटात ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवून निवृत्त झालेल्या. महामारीच्या पहिल्या हिवाळ्यात, ऑगस्टमध्ये, त्यांचे यजमान गेले. कोव्हिडने नाही, हृदयाने. एकुलता मुलगा डॅनियल पर्थला. सीमा बंद, तो येऊ शकला नाही. अंत्यविधी त्याने लॅपटॉपवर पाहिला. हे आजींना फार लागलं होतं. त्यांच्यात वर्ष झालं की कार्य करतात, त्याला 'जेसा' म्हणतात. गेलेल्या माणसासाठी जेवण मांडायचं, दार उघडं ठेवायचं, आणि मुलाने वडिलांना नमस्कार करायचा. तेवढं तरी नीट व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. वर्षभर त्यांनी ती जपली आणि शेवटी ती हेमंतच्या हाती पडली.

आजींचं बोलणं मी इथे मराठीत देतो आहे. मूळ इंग्रजी होतं, आणि तेही अस्सल पॅरामॅटाचं: "नो वरीज", "डार्ल", "आज दुपारी" म्हणायचं तर "धिस आर्वो". हेमंत मात्र त्यांच्याशी कोरियनमध्येच बोले. जिन्यात भेटल्या की तो कमरेत वाकून ठरलेली चार वाक्यं म्हणे. आजी म्हणत, "मॉर्निंग, डार्ल, तुमच्या वॉशिंग मशीनचं पाणी माझ्या खिडकीवर गळतंय." हेमंत पुन्हा वाके. पाणी गळतच राही.

दत्ता त्यांना पहिल्या दिवसापासून 'मावशी' म्हणे. त्याला दुसरं काही सुचलंच नाही. हेमंतला ते सहन होईना.

"त्यांना सामोनिम म्हणायचं, दत्ता. आदरार्थी आहे. मावशी काय? भाजीवाली आहे का ती?"

"मंग काय झालं? भाजीवालीबी मावशीच असती."

आजींनी एकदा मला विचारलं की हा मुलगा मला काय हाक मारतो. मी सांगितलं, आईच्या बहिणीला आम्ही असं म्हणतो आणि ओळख नसलेल्या बाईलाही म्हणतो. आजी हसल्या. कोरियातही अगदी तसंच आहे म्हणे. खाणावळीतल्या बाईलासुद्धा 'आईची बहीण' म्हणूनच हाक मारतात. मी हे हेमंतला सांगितलं. तो म्हणाला, "ते खालच्या थरात."

घरात त्याने कोरिया आणला होता. तो आणायला फारसा त्रास पडला नाही, कारण बराचसा आधीच तिथे होता. फक्त हेमंतला ते माहीत नव्हतं. दारात चपला काढायच्या, हे त्याने आम्हाला शिकवलं. मोठ्या माणसाला वस्तू देताना उजवा हात वापरायचा आणि डावा त्याला लावायचा, हेही शिकवलं. बाथरूमच्या दाराशी त्याने वेगळ्या सपाता ठेवल्या आणि त्यांवर पंधरा मिनिटं बोलला. ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा केला, तेव्हा तर त्याचा आवाज कापला. आणि एकदा, जेवणापूर्वी, डोळे मिटून म्हणाला, "तुम्हाला माहितीये, कोरियात माणसं भेटल्यावर 'कसा आहेस' विचारत नाहीत. विचारतात, 'जेवलास का?' केवढं तत्त्वज्ञान आहे यात!"

दत्ता कुकरची शिट्टी काढत होता. "माझी आई रोज फोनवर हेच इच्चारती."

"तिचं वेगळं," हेमंत म्हणाला. "ती खरंच विचारते."

त्याचा सगळ्यात लाडका विषय वय. कोरियात ओळख झाली की आधी वय विचारतात, मग त्यावर सगळं ठरतं: कोणी कोणाला कसं बोलायचं, कोणी कोणाचा पेला भरायचा. दत्ता राहायला आला त्या संध्याकाळी हेमंतने त्याची बॅग खाली ठेवू देण्याआधी जन्मतारीख विचारली. पासपोर्टप्रमाणे दत्ता त्याच्याहून वर्षभराने लहान निघाला, मी दोन वर्षांनी. म्हणजे घरात हेमंत थोरला. त्याने आम्हाला 'ह्यंग' म्हणायला सांगितलं. थोरल्या भावाला धाकटा भाऊ तसं म्हणतो. आणि त्याने चमचा उचलेपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही.

आम्ही एक आठवडा घास घेतला नाही. मग मी दत्ताला सहज विचारलं, "तुझा वाढदिवस कधी रे? तारीख काय होती?"

"एक जून."

"आणि भावाचा?"

"एक जून."

"बहिणीचा?"

"एक जूनच की. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांलाच एक जून टाकलाय. वर्षबी त्यांच्याच मनानं टाकलंय. आमचा आख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलाय."

हेमंतने चमचा खाली ठेवला. "मग खरी तारीख?"

"कुणाला ठाऊक? आई म्हणती, थोरल्या चुलत्याच्या लग्नात मी पोटात व्हतो."

मी तिथल्या तिथे त्याच्या आईला फोन लावायला लावला. आईने चुलत्याला विचारलं, चुलत्याने लग्नपत्रिका शोधली. वीस मिनिटांत लातूरहून निकाल आला: दत्ता हेमंतपेक्षा एक वर्ष आणि काही महिन्यांनी मोठा.

"मंग?" दत्ता म्हणाला. "आता म्या ह्यंग का?"

माणसाची निष्ठा अशा वेळी कळते. हेमंतने आठ दिवस ती पाळली, हे कबूल करायला हवं. दत्ताच्या पेल्यात तो दोन्ही हातांनी ताक ओतत असे. पण दत्ता जेवायला बसला की आईशी फोनवर बोले, आणि बोलताना चमचा उचलत नसे. समोर आमटी निवत राही आणि हेमंत तिच्याकडे बघत राही. नवव्या दिवशी त्याने जाहीर केलं, की आधुनिक कोरियात सरकारी कागदपत्रंच ग्राह्य धरतात.

अशा माणसाला महामारी फळते. बाहेर जाता येत नव्हतं, लोक कंटाळले होते, आणि आमच्या मराठी मंडळाला झूमचा शोध लागला होता. 'घरबसल्या विश्वदर्शन' अशी मालिका निघाली आणि तिचं दुसरं पुष्प हेमंतने गुंफलं. विषय: 'कोरिया: एक जीवनदृष्टी'. त्याने जाकीट घातलं होतं. खाली अर्धी चड्डी होती, हे मी टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून पाहत होतो. दीड तास तो बोलला. स्टीलच्या वाडग्यातला भात चमच्यानेच का खावा, वाडगा हातात का उचलू नये, दुसऱ्याचा पेला रिकामा दिसला तर आपण का भरावा, या सगळ्यामागे त्याला एकेक दर्शन सापडलं होतं. शेवटी प्रश्न होते. कासल हिलच्या एका काकूंनी विचारलं, "पण तुम्ही तिथे जेवायचात काय हो?"

"काकू, कोरियात अन्न खात नाहीत. अन्नाशी संवाद करतात."

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "म्हणजे उपासच की!"

त्याने या प्रश्नाची नोंद पुढे 'आपल्या समाजाची मर्यादा' म्हणून केली.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचं चांद्र नववर्ष आलं. निर्बंध सैल होते. नववर्षाला धाकट्यांनी मोठ्यांना जमिनीवर डोकं टेकून नमस्कार करायचा असतो. हेमंतने आठवडाभर योगाच्या चटईवर सराव केला, आणि साक्षीला आम्हा दोघांना घेऊन आजींच्या घरी गेला. आजी सोफ्यावर टेनिस बघत बसल्या होत्या. हेमंतने त्यांना आवाज बंद करायला लावला. कपाळावर हात धरले, गुडघे टेकले, डोकं टेकलं, उठला. मग सावकाश पुन्हा तसंच सगळं केलं.

आजींनी रिमोट बाजूला ठेवला.

"एक नमस्कार जिवंत माणसाला करतात," त्या म्हणाल्या. "दोन मेलेल्याला. मी अजून आहे, डार्ल."

मी टीव्हीकडे पाहू लागलो. हेमंत सावरला. "तसं नाही, सामोनिम. दक्षिणेकडच्या काही भागांत दोनदा…"

"मी दक्षिणेकडचीच."

मग त्यांनाच त्याची दया आली असावी. त्यांनी आम्हाला संत्री दिली, आणि कपाटावरच्या यजमानांच्या फोटोकडे हात करून म्हणाल्या, "दोन त्याला लागणार आहेत. ऑगस्टात. डॅनियलने तिकीट काढून ठेवलंय." मग त्यांनी टेनिसचा आवाज पुन्हा चालू केला.

जूनच्या अखेरीस सिडनी पुन्हा बंद झालं. आमचा भाग तर जरा जास्तच बंद झाला. पोलीस होते, आकाशात हेलिकॉप्टर होतं. पर्थने दार लावून घेतलं. डॅनियलचं तिकीट गेलं. आजी जिन्याच्या पायरीवर बसून मास्कमधून मला म्हणाल्या, "पहिल्या वेळी तो पडद्यावर होता. आता परत पडद्यावर." एवढंच. त्या रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी खिशातून कात्री काढली आणि दारातल्या कुंडीतली सुकी पानं कापू लागल्या.

त्या काळात एकट्या राहणाऱ्या माणसाला एकच पाहुणा घरात घेता येई. त्याचं नाव आधी सरकारकडे नोंदवायचं आणि मग ते बदलायचं नाही. सरकारने या योजनेला 'सिंगल्स बबल' असं नाव दिलं होतं, जे एकोणऐंशी वर्षांच्या विधवेला फारच शोभून दिसे. जेवण मांडायला, मद्य ओतायला आणि मुलाच्या जागी नमस्कार करायला आजींना घरात एक माणूस हवा होता. दत्ता रोज दुकानात जात होता आणि दुकानात दोघांना कोव्हिड झाला होता. त्याने स्वतःच नको म्हटलं. मी काही बोललो नाही. न बोलण्याची माझी कारणं त्या वेळी चांगली वाटली होती. हेमंतने मात्र मागणी यायच्या आतच खाली जाऊन छातीवर हात ठेवला आणि सांगितलं, "सामोनिम, मला मुलगाच समजा."

आजींनी त्याचं नाव नोंदवलं. मला म्हणाल्या, "आहे जरा गलाह." ऑस्ट्रेलियात मूर्ख माणसाला हे एका गुलाबी पोपटाचं नाव देतात. "पण घरी असतो."

कार्य रविवारी ठरलं, दुपारी चारला. मूळ रीत मध्यरात्रीची, पण आजी नऊला झोपत आणि डॅनियलची मुलं लहान होती. हेमंतला हे 'पातळ करणं' वाटलं. त्याने आजींना तसं सांगितलंही. आजी म्हणाल्या, "तो जिवंत होता तेव्हाही नऊलाच झोपायचा. मध्यरात्री उठायचा नाही."

कोरियन दुकानं स्ट्रॅथफील्डला, आणि आम्हाला पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. आजींनी जे हवं त्याची यादी हेमंतला दिली. जे चालत नाही त्याची दिली नाही. ते कोणाला सांगावं लागेल असं त्यांच्या मनात आलं नसणार. यादी दत्ताने हातात घेतली. नासपती, सफरचंद आमच्या वाण्याकडे होते. सुकी बोरं नव्हती, तिथे खारीक घेतली. सुकी मासळी बंगाली दुकानातून. मग एका ओळीवर तो थांबला. भिजवलेले मूग वाटून तव्यावर टाकायचे, पातळ, गोल.

"हे तर धिरडं हाय," तो म्हणाला.

"नाही," हेमंत म्हणाला. "ते वेगळं असतं."

"मूग भिजवायचा, वाटायचा, तव्यावर टाकायचा. मंग वेगळं काय?"

"दृष्टी."

दत्ताने दृष्टीवाचून मूग भिजत घातले. रविवारी सकाळी वाटताना त्याने विचारलं, "कांदा-लसूण घालायचा नसंल ना? श्राद्धाला चालत नाही म्हणून इच्चारलं."

हेमंतने लॅपटॉपवरून मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी करुणा होती, जी मी झूमवर पाहिली होती. "दत्ता, हे श्राद्ध नाही. हा कोरिया आहे. तिथे लसणाशिवाय पानसुद्धा हलत नाही. प्रत्येक गोष्टीत आपलं खेडं बघायची सवय सोड."

दत्ताने खेड्याच्या हिशेबाने धिरडी केली. लसूण नाही, मिरची नाही, नुसतं मीठ. पहाटेची शिफ्ट संपवून तो तसाच, दुकानाच्या टी-शर्टमध्ये आला होता. ताट आजींच्या दाराशी ठेवून तो मागे सरला.

हेमंतने स्वतःची वेगळी तयारी केली होती. लॉकडाउन लागल्यापासून बाल्कनीत त्याने एक बरणी जपली होती. किमची. कोबी, लाल मिरची आणि लसणाच्या चार गड्ड्या. बरणी उघडली की खालच्या मजल्यावरचं मांजर घरात जाई. यादीत किमची नव्हती. हेमंतला ती आजींची नम्रता वाटली.

चार वाजता तो काळा सूट घालून, मास्क लावून, बरणी छातीशी धरून खाली गेला. आजींनी मागच्या हिरवळीकडचं सरकतं दार पूर्ण उघडं ठेवलं होतं. गेलेल्या माणसाला आत येता यावं म्हणून. दत्ता आणि मी हिरवळीच्या पार टोकाला, कपडे वाळत घालायच्या दांडीजवळ, मास्क लावून उभे होतो. आतलं सगळं दिसत होतं. नीट मांडलेलं टेबल, यजमानांचा फोटो, फळांची रचना, मुगाची धिरडी. शेजारी टॅब्लेटवर डॅनियल, मागे त्याचं पर्थचं घर. त्याने टाय लावला होता.

हेमंतने बरणीतली किमची मोठ्या वाडग्यात काढली आणि टेबलाच्या मधोमध, फोटोसमोर ठेवली. लाल.

"मम," टॅब्लेटमधून डॅनियल म्हणाला, "ते काय आहे?"

"किमची," हेमंत म्हणाला. "घरची. बासष्ट दिवस मुरवलेली."

"मेट, ती उचल तिथून."

"एक मिनिट, डॅनियल. कोरियन जेवण किमचीवाचून पूर्ण होतच नाही. ती कोरियन मनाची…"

"त्यात मिरची आहे. लसूण आहे. ते ठेवलं की गेलेलं माणूस आत येत नाही. डॅड आत येणार नाही, मेट."

"मी कोरियात असताना," हेमंत म्हणाला, आणि थांबला. सवयीने त्याने खिडकीकडे पाहिलं, पण तिथे दार होतं आणि दारात आम्ही होतो. "मी कोरियात असताना प्रत्येक टेबलावर पाहिली आहे. तुम्ही लोक इथे वाढलात. तुमच्याकडून काही गोष्टी सुटलेल्या असू शकतात."

डॅनियल सोलमध्ये जन्मला होता आणि अकरा वर्षं तिथे वाढला होता. तो हे बोलला नाही. तो बोलला ते मी इथे लिहीत नाही. ते ऑस्ट्रेलियन होतं.

आजी उठल्या. त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि हेमंतच्या हातात दिला. रागाने नाही. ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवरून, डाग निघाला नाही म्हणून, कपडा परत द्यावा तसा. "वर ठेवून ये, डार्ल. हात धू. मग करू."

एवढंच करायचं होतं. जिना चढायचा, वाडगा ठेवायचा, हात धुवायचे, उतरायचं. चार मिनिटांचं काम. हेमंत बाहेर आला, आमच्यासमोर थांबला आणि मराठीत म्हणाला, "यांनी स्वतःची संस्कृती विकून खाल्ली आहे. अशा ठिकाणी मी वाकणार नाही."

"हेमंत," मी म्हणालो, "नाव तुझंच नोंदवलंय. दुसऱ्या कोणाला आत जाता येणार नाही."

"मग त्यांनी विचार करायला हवा होता."

"आरं, म्हातारी वर्षभर थांबलीय," दत्ता म्हणाला. "जा की. हात धू आन् जा. अपमान नंतर कर."

हेमंत जिना चढून गेला. आम्ही दहा मिनिटं वाट पाहिली, आजींनीही पाहिली. टॅब्लेटवर डॅनियल टाय सैल करत होता. मग आजींनी स्वतःच पेल्यात मद्य ओतलं, भाताच्या वाडग्यात चमचा उभा खोचला आणि टेबलासमोरची जागा मोकळी सोडून बाजूला बसल्या. ती मोकळी जागा मला अजून दिसते. एका चटईएवढी होती.

दत्ताने माझ्याकडे पाहिलं. मग वाकून बुटांचे बंद सोडले, बूट दांडीखाली नीट जोडून ठेवले आणि मोज्यांवर ओल्या गवतातून चालत दाराबाहेर दोन पावलांवर जाऊन उभा राहिला. आत नाही, बाहेर. कायद्याने हिरवळ सगळ्यांची होती.

"मावशी," तो त्याच्या दुकानातल्या इंग्रजीत म्हणाला, "इथून चालेल?"

आजींनी टॅब्लेट उचलून दाराकडे वळवला. डॅनियलला गवतात उभा एक धिप्पाड माणूस दिसला असणार. त्याने सैल केलेला टाय पुन्हा घट्ट केला. मग म्हणाला, "माझ्याबरोबर कर. मी पुढे." आणि तीन हजार किलोमीटरवर तो गुडघ्यांवर बसला. दत्ताही बसला. हात कपाळाला, डोकं जमिनीला. दत्ता पंचमीला देवळात पडतात तसा लांब पडायला निघाला होता, तेव्हा आजी पुढे झाल्या. "नाही, नाही. पाय दुमड. बम डाउन, डार्ल. अजून खाली. आता ठीक."

एकदा. मग दुसऱ्यांदा.

उठल्यावर त्याच्या गुडघ्यांवर चिखल होता. आजींनी धिरड्याचा एक तुकडा तोंडात टाकला, तो कार्यानंतर प्रसाद म्हणून खायचा असतो. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "त्याला असंच आवडायचं." आणि दाराबाहेर, हाताला हात न लागता, ताट त्याच्यासाठी खाली ठेवलं.

डॅनियलने मागाहून दत्ताला विचारलं की तुला हे कसं माहीत. दत्ता म्हणाला, माहीत काही नव्हतं, सगळीकडं सारखंच असतं. हे वाक्य हेमंतने जर ऐकलं असतं तर त्याच्या मालिकेची उरलेली सगळी पुष्पं वाया गेली असती. सुदैवाने तो वर बाल्कनीत होता.

तो ऑक्टोबरात मेलबर्नला गेला, क्लेटनला. जाताना बाथरूमच्या सपाता नेल्या. आजींच्या दारावरून गेला तेव्हा त्यांनी आतून विचारलं, "जेवलास का?" तो बॅग ओढत पुढे गेला. त्या खरंच विचारत होत्या.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते जानेवारीत, पडद्यावर. तिकडच्या मंडळाने त्याला बोलावलं होतं आणि दुवा कोणीतरी आमच्याकडे पाठवला. विषय: 'परक्या अंगणातलं पितृऋण'. दत्ता आणि मी जेवता जेवता ऐकत होतो. हेमंतचं वजन वाढलं होतं आणि आवाज आणखी खोल गेला होता. महामारीत एका कोरियन कुटुंबाने आपल्याला मुलगा मानलं, पितृकार्याला घरात घेतलं, हे त्याने सांगितलं. त्या क्षणी दिवंगत आत्म्याची चाहूल आपल्याला लागली, असं म्हणताना तो थांबला आणि त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला.

मग त्याने एक फोटो दाखवला. वरून, आमच्या बाल्कनीतून काढलेला. हिरवळ, उघडं दार, आणि दारासमोर दुमडून डोकं टेकलेला एक माणूस.

"हा त्यांचा मुलगा," हेमंत म्हणाला. "सीमा ओलांडून वडिलांसाठी धावत आला. पाठीचा तो बाक बघा. हाताचा कोन बघा. हे शिकवून येत नाही. आपण मराठी माणसं कितीही प्रयत्न केला तरी आपल्याला असं वाकता येणार नाही. हे रक्तात असावं लागतं."

दत्ताने घास गिळला. "मावशी तर म्हनत व्हत्या, खाली घे, खाली घे."

पडद्यावर हेमंतने फोटो मोठा केला, म्हणजे सगळ्यांना नीट बघता यावं. त्या माणसाच्या पाठीवर हॅरिस पार्कच्या मिठाईच्या दुकानाचं नाव होतं, आणि त्याखाली: जिलेबी गरम मिळेल.